बेचिराग लिहिलेला तांडा

माझ्या हातून एक वस्ती कागदावर उजाड झाली. नजरचुकीनं की आळसानं, हे आज पन्नाशी उलटल्यावरही मला नीट सांगता येत नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. हिंगोलीच्या बाजूच्या एका कचेरीत मी कारकून होतो. सरकारी विहिरी कुठं पाडायच्या ते ठरवायचं होतं, म्हणून साहेबांनी मला भोवतालच्या वस्त्यांची हकिकत उर्दूत लिहून आणायला सांगितली. कामाची मला हौस होती. कयाधू नदीचं वळण, कळमनुरीकडे जाणारा रस्ता, औंढ्याच्या बाजूचे डोंगर, सगळं पायी फिरून लिहिलं. एका जुन्या दगडी बारवेवर तर दोन पानं भरली.

जुन्या यादीत माळावरच्या एका तांड्याचं नाव होतं. ऊन फार होतं, मी माळ चढलो नाही. बाजाराच्या वाटेवर एका शेतकऱ्याला त्या नावाचा तांडा कुठं म्हणून विचारलं.

"त्यो नायक? त्याला मरून दोन सालं झाली की," तो म्हणाला. "आता त्या नावाचा तांडा न्हाई."

मी यादीत 'बेचिराग' लिहिलं. म्हणजे जिथं दिवा लावायलाही माणूस नाही असं गाव. अशा गावाला विहीर मिळणार नव्हती.

तांडा नायकाच्या नावानं ओळखतात, नायक बदलला की नावही बदलतं, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक. मलाही होतं. मग त्या दिवशी का आठवलं नाही? त्याच तांड्यातल्या बाया दर बाजाराला आरशांच्या काचोळ्या घालून सरपण विकायला यायच्या. त्या कुठून येतात असं मला वाटत होतं?

पुढच्या उन्हाळ्यात नवा नायक कचेरीत आला.

"मुन्शीजी, समद्यांच्या विहिरी झाल्या, आमची काहून न्हाई? आमच्या बाया नदीची वाळू उकरून पाणी आणून राहिल्यात."

"चौकशी करतो," मी म्हणालो. माझ्या अक्षरातला कागद मागच्याच कपाटात होता. मी कपाट उघडलं नाही.

मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं. साहेब निघून गेले, कपाटातले कागद कुठं गेले कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मी माळ चढलो. तांड्यातले लोक स्वतःच विहीर खणत होते. कमरेइतका खड्डा झाला होता. नायकाला मी सगळं सांगितलं.

तो बायकोकडे वळला. "ऐकलं का? आपण उजाड हाव म्हणं. तरीच तुझ्या भाकरीनं पोट भरत न्हाई!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि लाज वाटली.

"मंग आता खोडा की ते," नायक म्हणाला.

"कागदच सापडत नाही. कुणाला सांगावं तेही कळत नाही."

त्यानं मुरुमाची टोपली माझ्याकडे सरकवली. "मंग टोपली उचला."

दिवस मावळेपर्यंत मी मुरूम वाहिला. पाणी लागलं नाही. पुढं लागलं का, ते विचारायला मी परत गेलो नाही. लागलं नाही असं ऐकायची भीती होती, की लागलं असलं तर माझी चूक लोक विसरतील आणि मीही विसरेन याची, माझं मलाच समजत नाही.