नळी मोकळी ठेवणारे साहेब

सुभेदार किसनराव वानखडे साहेब मूळचे रिसोडचे, पण त्यांची माझी पहिली भेट झाली ती इथून फार दूर, डोंगरातल्या एका फायरिंग रेंजवर. स्नायपर कोर्सला आलेल्या आम्हा जवानांची ते ओळख करून घेत होते. माझं गाव जऊळका हे ऐकून ते करड्या चेहऱ्यानं म्हणाले, "मंग तुले आपल्या बोलीत शिव्या देता येतीन." हा शब्द त्यांनी पुढे पुरेपूर पाळला.

आमच्या हाती बोल्टची रायफल आली. धडाधड गोळ्या सोडणारी हत्यारं असताना हिचं एवढं कौतुक कशाला, असं मला वाटे. प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामी पुंगळी पडली की पुढे ढकलून खाली दाबायची. बोल्ट असा घट्ट बसला की गोळी सुटताना आत काही हलत नाही, म्हणून लांबचा नेम टिकतो. साहेब मात्र आणखी एक कारण सांगत. "दर गोळीले हे रायफल तुले इचारते, खरंच मारायची हाय काय?"

त्यांचा खरा जीव नळीवर. ती जाड, जड नळी फक्त मागच्या टोकाला पक्की बसवलेली असते, पुढे खालच्या लाकडी दस्त्याला कुठेही टेकत नाही; टेकली की नेम ढळतो. रोज सकाळी साहेब नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहत. पट्टी अडली की आमची धडगत नसे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दसरा आला. शस्त्रपूजेत रायफलींना हळदकुंकू लागलं, नळीला दस्त्यासकट लाल दोरा बांधला गेला. झेंडूची माळ मी उतरवली, दोरा श्रद्धेनं राहू दिला. दुसऱ्या सकाळी, साहेबांची पट्टी फिरायच्या आधीच, सरावात माझ्या गोळ्या डावीकडे जाऊ लागल्या. नापास झालो तर पलटणीत परत पाठवणार होते. मी घाबरून दुर्बिणीची चकती फिरवू लागलो.

"काहून फिरवून राह्यला? आधी नळी पाय!" साहेब ओरडले.

दोऱ्यानं नळी दस्त्याला आवळली होती. साहेबांनी तो कापला नाही. शांतपणे गाठ सोडली, दोरा कपाळाला लावला आणि माझ्या मनगटावर बांधला. म्हणाले, "देव तुया मनगटात राहू दे. नळी मांगून घट्ट धर, पुढं मोकळी सोड." मी पास झालो.

निवृत्तीनंतर साहेब रिसोडला परतले आणि मैदानावर मुलामुलींकडून सैन्यभरतीची तयारी करून घेऊ लागले. चौकात एखादा अतिउत्साही माणूस विचारतोच, "साहेब, किती टिपले?" ते एवढंच म्हणतात, "माह्यासंगचे किती घरी आले, ते इचार ना." मग तो माणूस गुमान चहा पितो.

माझी मुलगी वैष्णवी याच मैदानावर घडली. यंदा तिची सैन्यात निवड झाली आणि मी, स्वतः फौजी, आडवा आलो. आधी पदवी घे, मग लग्न, मग बघू. पोरगी माझ्याशी बोलेना. मलाही झोप येत नव्हती, पण हेका सुटत नव्हता. सीमेवरची थंडी मी पाहिलेली आहे, तिनं नाही.

हे कळताच साहेब पंच्याहत्तराव्या वर्षी, बदललेला गुडघा घेऊन, एसटीनं जऊळक्याला आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"गजानन, पोरगी मांगून घट्ट हाय. म्या सोता तपासली. आता तू काहून दोरा बांधून राह्यला?"

मला राग आला, रडूही आलं. शेवटी मी आत जाऊन वैष्णवीची बॅग काढून दिली, तेव्हा कुठे साहेबांनी चहा मागितला. परवा आम्ही दोघांनी मिळून तिला जऊळक्याच्या स्टेशनवर गाडीत बसवलं. गाडी हलली तसा माझा हात खिडकीचा गज सोडेना, साहेबांनी तो सोडवला.

साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं, हे मी शुभेच्छा म्हणून नाही, हट्टानं लिहितो आहे. वैष्णवी पहिल्या सुट्टीवर वर्दीत येईल, तेव्हा तिचा सलाम घ्यायला साहेब मैदानावर उभे पाहिजेत. त्यांनी गुडघ्याला तसं आत्ताच बजावून ठेवावं. मी हात मोकळा ठेवून मागे उभा राहीन.