बिननावाचं ताट

इतवारीच्या बाजारात भांड्यांवर नाव टाकणाऱ्या मशीनची किरकिर ऐकली, की मला कुही गावातलं आमचं एक ताट आठवतं. वस्तीत कित्येक महिने रेशनचा तांदूळ आला नव्हता. चर्चच्या एक बाई घरोघरी रेशनचा हक्क समजावत फिरायच्या. एकदा म्हणाल्या, "घरटी एक रिकामं ताट द्या, तहसीलच्या अंगणात मांडू." आईला लगेच संशय आला. "ताटच काहून पाहिजे यायले? नाव वाचून उद्या म्हणतीन, हे घर बाटलं." म्हणून तिनं मुद्दाम बिननावाचं ताट दिलं आणि त्याच्यावर नजर ठेवायला मला घेऊन मागोमाग गेली. अंगणभर ताटं उन्हात चकाकत होती. तहसीलदार साहेब एकेकावरचं नाव वाचत आले आणि नेमके आमच्या ताटापाशी थांबले. "हे कोणाचं? दुकानातून आणून मांडलं काय?" बाईंना ठाऊक होतं, पण आईकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आईच पदर खोचून उठली. "माहं हाय. तांदूळ कुठी हाय, थे सांगा." पुढे तांदूळ आला, ताटावर आईचं नावही आलं. बाईंवरचा संशय मात्र तिनं मरेपर्यंत सोडला नाही, आणि त्या घरी आल्या की त्यांना वाढायची ते त्याच ताटात.