टँकरच्या दिवशीची निर्जळी

ज्याने तहान जिंकली त्याने स्वतःला जिंकलं. हे वाक्य मी मोखाड्याच्या आमच्या कचेरीत निदान तीनदा उच्चारलेलं आहे. तिन्ही वेळा माझ्या हातात चहा होता.

ते करून बघायची वेळ आली ती बायकोच्या मुतखड्यामुळे. लग्न झाल्यापासून ती ज्येष्ठातली निर्जळी एकादशी धरते. सूर्योदयापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. माझ्या आईने थकल्यावर आपलं व्रत तिच्या हाती दिलं आणि तिनेही ते मुकाट्याने घेतलं. यंदा डॉक्टरांनी सांगितलं, रोज तीन लिटर पाणी, एकही दिवस चुकवायचा नाही. मागच्यासारखी कळ पुन्हा उठली तर नाशिकला न्यावं लागेल.

"एका दिवसाने काय होतंय?" घरी आल्यावर ती म्हणाली.

"हे डॉक्टरांसमोर विचारायचं होतंस."

"व्रत असं मधेच टाकता येत नाही. घरातल्या कुणी पुढे धरलं तर गोष्ट वेगळी."

"मी धरतो."

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "बघा हं. तुम्ही धरून आहात तोवर मी पाणी पिईन. तुम्ही मोडलंत की तिथून माझं सुरू."

एकादशीच्या सकाळी तिने ओट्यावर पाण्याची बाटली भरून ठेवली आणि सांगितलं, की प्रत्येक पेल्याआधी ती फोन करून खात्री करणार. मी जव्हारच्या घरून मोखाड्याला पोचेपर्यंत दोन फोन झाले होते, म्हणजे दोन पेले.

कचेरीत बातमी मीच दिली. न सांगितलेला उपवास अर्धा वाया जातो. शेजारच्या टेबलावरचा तरुण सहकारी असल्या उपवासांचे व्हिडिओ बघणारा.

"ड्राय फास्टिंग, सर! यात शरीर स्वतःच्याच निकामी पेशी खाऊन टाकतं."

"निकामी कोणत्या, हे कोण ठरवतं?"

"शरीरच ठरवतं, सर. आतल्या आत."

निकामी कोण हे आतल्या आत ठरवायची पद्धत मी कचेरीत वीस वर्षं बघतो आहे. मला धीर आला नाही.

अकराला डोकं ठणकू लागलं. ते पाण्यावाचून नव्हे, चहावाचून. बाराला साहेबांनी टँकर तपासणीला धाडलं, पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावर. जीभ टाळूला चिकटलेला माणूस, पाणी पोचलं की नाही हे बघायला निघाला. जीपमध्ये याचं हसू आलं, पण ओठ फुटले होते म्हणून आवरलं.

पाड्याची विहीर मे महिन्यातच तळाला गेलेली. टँकर आपलं पाणी त्या विहिरीत सोडतो, वरून जंतू मारायची टीसीएल पावडर टाकतात आणि मग बाया पोहऱ्याने उपसून हंडे भरतात. माझं काम छापील कागदावर सही करणं. शेवटचा रकाना असा आहे: 'पाणी पिण्यायोग्य असल्याची खात्री केली.' खाली पाड्यावरच्या एकाचा अंगठा किंवा सही लागते.

ती घ्यायला विहिरीलगतच्या घराच्या ओटीवर टेकलो. तिथली आजी आधी आत गेली आणि नुकतंच भरलेलं पाणी तांब्यात घेऊन आली. त्या बाजूला पाणी दिल्याशिवाय कामाचं विचारत नाहीत, आणि साहेबालाही अरेतुरेच करतात.

"घे, पानी पी."

"नको, आजी. आज माझं पाणी बंद आहे."

"बंद? कुनी केलं?"

"मीच. उपास आहे. पाणी प्यायचं नाही."

तिने तांब्या हातातच धरला. मग माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बोट केलं. "ह्या कागदात काय लिवलंय?"

"पाणी चांगलं आहे म्हणून."

"आन तू पीत नाय."

हे तिने मोठ्याने म्हटलं. विहिरीवरचा पोहरा थांबला. मागच्या उन्हाळ्यात या पाड्यावर जुलाबाची साथ येऊन गेली होती. एकीने भरलेला हंडा कमरेवरून खाली ठेवला. "सायेब पीत नाय म्हंजी पान्यात कायतरी हाय," दुसरी म्हणाली. तिसरीने सरळ हंडा उपडा केला. टँकर परत चार दिवसांनी येणार होता.

मी एकादशी समजावून सांगितली. चांगली सांगितली असावी, कारण कुणीही हललं नाही.

मग तांब्या घेतला आणि सगळ्यांसमोर उभ्याने रिकामा केला. क्लोरीनचा वास होता. त्या रकान्यात मी वर्षानुवर्षं सही करत आलो. खात्री त्या दिवशी पहिल्यांदा केली. पोहरा पुन्हा विहिरीत गेला. उपडा केलेला हंडाही परत भरला गेला.

त्या पाड्यावर फोनला रेंज फक्त विहिरीच्या काठाशी मिळते. सही घेऊन मी तिथून जात असतानाच फोन वाजला.

"अहो, धरून आहात ना?" बायकोने विचारलं. "माझा पेला भरून ठेवलाय."

समोर दहा-बारा बाया, माझ्या मिशीवर अजून थेंब. खरं सांगावं तर ती तो पेला ओतून देणार.

"धरून आहे," मी म्हणालो. "पी तू."

पलीकडे घोट ऐकू आले. इकडे बाया खो खो हसत होत्या. "सायेब बायकोला भ्यातो!" एक ओरडली. आजी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मोडलंच हाय, तर आजून एक तांब्या पी."

तो मी घेतला नाही. उरलेला उपास इमानाने केला, तोही कशासाठी ते मला नीट सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच बायकोने पारण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "वाटलं नव्हतं हो."

खडा पंधरा दिवसांनी पडला. डॉक्टर म्हणाले, पाण्याने. बायको म्हणते, माझ्या निर्जळीने. तो तिने गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवला आहे आणि आल्यागेल्याला दाखवते. तांदळाच्या कणीएवढा आहे.