अकरा नंबरची डबी

आमचे अप्पा शाळेचे ग्रंथपाल आणि मी त्याच शाळेत कारकून. त्यामुळे घरची आणि शाळेची, दोन्ही बोलणी मला एकाच तोंडून खावी लागतात.

परत आलेलं पुस्तक अप्पा बोटांनी तपासतात. कडेवरून अंगठा फिरवला की कुठलं पान दुमडलंय, कुठलं फाटलंय, ते न बघता कळतं. कानांनी मात्र चार वर्षांपासून दगा दिलाय, आणि हे फक्त आईला आणि मला ठाऊक. ग्रंथालयात मुळात कोणी बोलायचंच नसतं, म्हणून छान निभत होतं. मुलं ओठ हलवायची, अप्पा मान हलवायचे.

मग ऑडिओबुकं आली. काड्यापेटीएवढ्या वीस डब्या, हेडफोनसकट. खिशात घालून घरी न्यायच्या. मुख्याध्यापिकाबाईंनी नियम केला, की देताना ग्रंथपालांनी ऐकून बघायचं आणि वहीत 'तपासून दिली' असं लिहून सही करायची.

"अप्पा, मी येऊन ऐकत जाऊ का?" मी घरी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"तू तुझी पत्रं सांभाळ. परवा दोन पत्रांना एकच नंबर टाकलास."

झालं! अप्पा हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे, गोष्टीत रंगल्यासारखे मिनिटभर डोलायचे आणि सही ठोकायचे. अभिनय इतका झकास, की मलाही वाटलं, हेडफोनमधलं येत असेल थोडंफार ऐकू.

अकरा नंबरची डबी सातवीतल्या शिंप्याच्या मुलीने नेली. आठवड्याने ती परत द्यायला आली तेव्हा बाई ग्रंथालयातच होत्या. त्यांनी सहज हेडफोन कानाला लावला. आवाजच नाही.

"पाडलीस ना?"

"नाही बाई. नेली तेव्हापासून अशीच आहे."

"मग आठ दिवस गप्प का बसलीस?"

"सरांनी ऐकली होती ना. मला वाटलं, माझंच काहीतरी दाबायचं चुकतंय."

"इथे सरांची सही आहे. खोटं तरी जरा धड बोल!"

वर्ष संपेपर्यंत तिला ग्रंथालय बंद, आणि घरी पत्र. ते पत्र मीच टाइप केलं.

त्या संध्याकाळी अप्पांनी ताट पुढे सरकवून दिलं. आई मोठ्याने म्हणाली, "अहो, सांगून टाका बाईंना."

"तीन वर्षं राहिलीत नोकरीची. बहिरा ग्रंथपाल कोण ठेवील?"

"आणि त्या पोरीचं काय?" हे मात्र ती अगदी हळू म्हणाली. अप्पांना तेवढं बरोबर कळलं.

सकाळी ते वही घेऊन बाईंच्या खोलीत शिरले. मी पत्रावर सही घ्यायला तिथेच उभा होतो. अप्पांनी अकरा नंबरची ओळ शोधली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'देताना डबी बंद होती. तपासणाऱ्याला ऐकू येत नाही.' खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच, मोत्यासारखं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. माझ्या हातातलं पत्र घेऊन फाडलं. मग मान खाली घालूनच काहीतरी पुटपुटल्या.

अप्पांना त्यांचे ओठ दिसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाल्या रे?"

दार उघडं होतं, बाहेर तीन-चार शिक्षक उभे होते. मी अप्पांच्या कानाशी वाकलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "डॉक्टरांचा दाखला आणा म्हणाल्या. तोवर ग्रंथालयाच्या किल्ल्या इथे ठेवा."