डॉक्टरकाका आणि ऐकणारा फोन

अख्ख्या रायगड जिल्ह्यात टेबलावरच्या फोनला "माफ करा हं, जरा खोकतो" असं सांगून खोकणारा माणूस एकच, आमचे डॉक्टरकाका. वडिलांचे मित्र, रोह्यात दवाखाना, आणि पेशंटशी गप्पा मारायचं व्यसन. जोहे गावचा मूर्तिकार पाठ धरून आला, तर काका आधी त्याच्याकडून गणपतीचे डोळे आखायची रीत शिकणार, मग पाठ बघणार. साहजिकच केसपेपर तुंबायचे. रविवारी काका ते सगळे एकदम लिहायला बसले की एकाची पाठ दुसऱ्याच्या गुडघ्याला चिकटायची. शेवटी त्यांच्या मुलीने फोनमध्ये एआय घालून दिलं. ते बोलणं ऐकतं, केसपेपर लिहितं. डॉक्टरांनी वाचून सही करायची. काका त्याला अहोजाहो करत आणि प्रत्येक पेशंटला विचारत, "हे लिहून घेतात. चालेल ना?"

मी संघटनेचा माणूस, पत्रकं लिहून हात तयार झालेला. म्हटलं, "काका, गरिबाचं दुखणं कंपनीच्या कानात ओतताय."

"अरे, कित्येक वर्षांनी कागदाऐवजी पेशंटच्या तोंडाकडे बघतोय. ते छाप की पत्रकात."

अशात मी डोंगरातल्या आदिवासी वाडीवरच्या बारकीमावशीला त्यांच्याकडे नेलं. तिला चढावर दम लागायचा. वाडीवरच्या बाया पुरुषमाणसासमोर दुखणं बोलत नाहीत, हात ठेवून दाखवतात. मावशीने छातीवर तळवा ठेवला, खाली बघितलं. काकांनी मान हलवली, तपासलं आणि पेणच्या हॉस्पिटलात हृदयाच्या तपासणीला पाठवायचं ठरवलं. या सगळ्यात बोलत फक्त मी होतो. रस्ता नाही, पेशंट झोळीतून आणावा लागतो, स्वातंत्र्यापासून हेच चाललंय, कुणाला लाज नाही. काकाही माझ्या भाषणात रंगले आणि फोनने लिहिलेल्या कागदावर न वाचता सही करून मोकळे झाले.

पेणच्या तरुण डॉक्टरांनी कागद मोठ्याने वाचला. "मुख्य तक्रार, वाडीला रस्ता नाही. कधीपासून, स्वातंत्र्यापासून." बाकावरची माणसं हसली. "ही केस तहसीलदाराकडे न्या. नाहीतर नीट कागद आणा." मावशी बाहेर पायरीवर धापा टाकत बसली.

"मावशी, तू का नाय सांगितलंस?"

"तू बोलत व्हतास ना."

मी फोन केला. काका दवाखाना बंद करून गाडी काढून आले. मी लगेच मशीनवर घसरलो, तर म्हणाले, "त्यांनी ऐकलं तेवढं लिहिलं. बघितलं मी होतं. सही माझी आहे." आणि आत जाऊन, मुलाच्या वयाच्या त्या डॉक्टरांसमोर हात जोडून म्हणाले, "चूक माझी, सर. बाईंना परत पाठवू नका." मला मान वर करवेना. त्याच दुपारी तपासणी झाली. हृदयाची झडप बिघडली होती, औषध वेळेत सुरू झालं.

हल्ली काका पेशंटची खूणसुद्धा बोलून दाखवतात. "मावशींनी छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवलाय. बरोबर ना, मावशी?" मग सगळं वाचून तिला ऐकवतात, तेव्हा सही. मला हुकूम आहे, बाहेर बसायचं. परवा बसलो होतो. आतून एक बारीक आवाज येत राहिला, आधी अडखळत, मग सलग. वाडीवर इतकी वर्षं जातोय, मावशीच्या वतीने किती सभा गाजवल्या. पण आत कोण बोलतंय, ते मला बराच वेळ ओळखू आलं नाही.