चादरीवरचे दोन हेवीवेट

मिरजेच्या स्टँडवर मी सोलापूरच्या एसटीत चढले, तेव्हा आमच्या घरात दोन म्हातारे दोन खोल्यांत बसून वेगवेगळा चहा पीत होते. एक माझे वडील, अप्पा. दुसरे माझे मामा. आई गेली, मग मामी गेली, तेव्हापासून मामा आमच्याकडेच असतात. दोघांच्या खाटा एका खोलीत, एकमेकींना चिकटून. मी लग्न केलं नाही, शाळेत भूगोल शिकवते, आणि माझं घर म्हणजे हे दोघे. तेच आता बोलेनासे झाले होते.

भांडणाचं कारण शेजारपाजारी सांगायचीही सोय नव्हती. लोकांच्या घरात वाटणीवरून फाटतं, आमच्यात बॉक्सिंगवरून फाटलं. अप्पा रेल्वेत असताना बॉक्सिंग खेळायचे, मामा लष्करात. दोघांचीही नाकं अजून जराशी वाकडी आहेत आणि दोघांनाही त्याचा अभिमान. जगातला सर्वांत मोठा हेवीवेट कोण, या प्रश्नावर माझं बालपण गेलं. मामांचा माणूस काळ्यापांढऱ्या फोटोंच्या काळातला. त्याचं खरं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, तो 'लांबहात्या'. अप्पांचा रंगीत टीव्हीच्या काळातला, तो 'घण'. लांबहात्या पायांवर तरंगत पंधरा पंधरा फेऱ्या काढायचा. घण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच समोरच्याला निजवायचा.

"पंधरा फेऱ्या खेळून दाखव म्हणावं त्याला," मामा म्हणायचे.

"पंधराव्या फेरीला समोर कुणी उभं राहिलं तर ना, दादा," अप्पा म्हणायचे.

असं वर्षानुवर्षं मजेत चाललं होतं. मग एका संध्याकाळी टीव्हीवर आजकालच्या एका ताडमाड हेवीवेटची लढत लागली. तो नुसताच उंच आहे यावर दोघांचं एकमत झालं आणि तिथंच घात झाला, कारण मग याला आधी कोण आडवं करेल यावरून जुंपली. घणाला ठोसा चुकवता येत नव्हता, असं मामा म्हणाले. लांबहात्या रिंगणात शेळीसारखा पळायचा, असं अप्पा म्हणाले. एवढ्यावर राहिलं असतं तर बरं. पण अप्पा पुढे बोलून गेले, "तुम्हीही जन्मभर तसेच, माराच्या बाहेर उभे." मामांनी उशी उचलली आणि ते बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायला गेले. संक्रांत झाली की ते कायमचे बेळगावला मुलाकडे जाणार होते. ट्रंक भरून दाराशी ठेवली होती आणि येताजाता माझा पाय तिला लागत होता.

सोलापूरची कल्पना मला वर्गातल्या एका मुलीच्या घरी सुचली. तिथं खाटेवर सोलापुरी चादर होती. एका बाजूने पांढरं फूल, जमीन तांबडी. उलटी केली की तेच फूल तांबडं, जमीन पांढरी. चादरीला सुलटी-उलटी नसतेच, दोन्ही बाजू खऱ्या. मी घरी येऊन भिंतीवर लावलेल्या लांबहात्याच्या आणि घणाच्या चित्रांचे मोबाइलवर फोटो काढले. तिळगूळ करायच्या आत त्या दोघांची चादर विणून घेऊन परत यायचं ठरवलं.

सांगोला मागे पडलं तसं शिवार बदललं. काळीभोर जमीन, तिच्यावर छातीइतकी ज्वारी आणि आकाश नको तितकं मोठं. मंगळवेढ्याला कंडक्टर म्हणाला, "धा मिन्टं हाय गाडी, लांब जाऊ नका." मी लांब गेले नाही. स्टँडबाहेरच एक बाई गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून तळहातावर हुरडा (ज्वारीचे कोवळे भाजके दाणे) चोळून देत होत्या. सोबत शेंगांची तिखट चटणी. पहिली मूठ संपेपर्यंत मला जगाचं भान राहिलं नाही. दुसरी संपली तेव्हा बस गेली होती. माझी पिशवीही तिच्यातच.

"आता काय करायचं?" मी त्या बाईंना विचारलं.

"अजून येक मूठ खावा की," त्या म्हणाल्या. "गाडी काय परत येत न्हाय."

खाल्ली. तेवढ्यात कडबा भरलेल्या टेम्पोचा चालक हुरडा घ्यायला उतरला. दस्तगीरभाई नाव, पांढरी दाढी, सोलापूरलाच निघालेला. त्यानं आधी स्टँडवर जाऊन कंडक्टरला फोन लावून घेतला, पिशवी सोलापूरच्या चौकशी खिडकीवर ठेवायला सांगितली आणि मग मला पुढच्या सीटवर बसवलं. सोलापूरला काय काम काढलंत, असं त्यानं विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाजवळ बोलायला बरं वाटतं.

दस्तगीरभाईनं गिअर बदलला.

"म्हंजे एक अब्बाच्या जमान्याचा आन एक आपल्या जमान्याचा," तो म्हणाला. "ताई, आमच्या घरात बी हेच की. अब्बा म्हणायचे, त्यांच्या वक्ताचा पैलवान म्हैस उचलायचा. मी म्हणलो, म्हैस बी त्या वक्ताला बारीक असंल."

"मग काय म्हणाले?"

"चप्पल काढली." तो खळखळून हसला. "पण दुसऱ्या दिवशी मलाच घेऊन गेले कुस्ती बघायला. एकटं बघण्यात मजा न्हाई म्हणाले."

सोलापूर येईपर्यंत कडब्याच्या काड्या माझ्या केसांत गेल्या होत्या. पिशवी मिळाली. दस्तगीरभाईनं पैसे घेतले नाहीत, फक्त कोण जिंकलं ते कळवा म्हणाला. स्टँडजवळच्या खानावळीत कडक भाकरी, शेंगांची आमटी आणि दही जेवले. पापडासारखी कुडकुडीत भाकरी मोडताना आवाज इतका झाला, की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ वळून बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघून आणखी एक तुकडा मोडला.

भवानी पेठेत पत्ता विचारावा लागत नाही, आवाजाच्या मागे जावं. गल्लीगल्लीत मागांची खटखट, ओट्यांवर सुताच्या गुंड्या आणि दारादारांतून तेलुगू बोलणं. वर्गातल्या त्या मुलीच्या वडिलांनी सांगितलेल्या कारखान्याचे मालक अंबादासकाका. त्यांनी मोबाइलवरचे दोन उघडेबंब पुरुष पाहिले आणि मान हलवली.

"एका चादरीसाठी कोन माग बांधतंय, अक्का? नवीन नक्षी म्हंजे भोकाचे सगळे पुठ्ठे नवीन पाडावे लागतेत, त्यावरनंच माग नक्षी काढतोय. शंभर घ्या, करून देतो की."

शंभर घणांचं मी काय करणार होते? मी उठणार, एवढ्यात आतून त्यांच्या पत्नी नरसम्मा आल्या. "एमैंदी?" (काय झालं?) त्यांनी नवऱ्याला विचारलं. काकांनी तेलुगूत सांगितलं. मग त्या मला म्हणाल्या, "म्हातारे भांडले म्हनून चादर?"

मी ट्रंकेचं सांगितलं. दाराशी भरून ठेवलेली, येताजाता पायाला लागणारी. 

नरसम्मांनी नवऱ्याकडे फक्त पाहिलं.  काकांनी चष्मा काढून पुसला. "मोठी आर्डर उतरली की तो कडेचा माग मोकळा हाय," ते म्हणाले. "परवा या."

बेत असा ठरला. चादरीवर शेजारी शेजारी दोन भाग पाडायचे, एकात लांबहात्या, एकात घण. एका बाजूने लांबहात्या तांबड्यावर पांढरा झळकेल आणि घण पांढऱ्यावर तांबडा, जरा दबलेला. चादर उलटली की घण झळकेल आणि लांबहात्या दबेल. ज्याला ज्याची बाजू हवी त्यानं ती वर करावी. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

लॉजवर दोन रात्री काढून तिसऱ्या दिवशी गेले तर चादरीचं पहिलं हात-दोन हात कापड मागावर उतरलं होतं. लांबहात्या अगदी हुबेहूब. डावी मूठ पुढे, उजवी हनुवटीशी. मी कौतुकानं कापडाची खालची बाजू वर करून पाहिली आणि काकांना हाक मारली.

"काका, हा डावखुरा झाला."

"कोन?"

"घण. पाठीमागून बघा. उजवी मूठ पुढे आलीय."

"कापडाची पाठ हाय अक्का ती. आरशात बघितल्यावानी उलटं दिसनारच की. हात तर हातच हाय."

हात हातच नसतो, हे मी आमच्या घरात शिकले आहे. जोराची मूठ मागे ठेवतात, म्हणून उजवी पुढे दिसली की बॉक्सर डावखुरा. काकांना कळेना, म्हणून मी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि मागांच्या मधल्या बोळात उभी राहिले. डावा पाय पुढे, डावी मूठ पुढे, हनुवटी खाली. "हा खरा घण." मग पाय बदलले. "आणि हा भलताच कुणीतरी." कामगारांनी दोन माग थांबवले. एकाने शिट्टी मारली. नरसम्मा माझ्यासमोर येऊन अगदी तशाच उभ्या राहिल्या, बांगड्या मागे सारून, आणि म्हणाल्या, "आता मारू का?" सगळा कारखाना हसत होता आणि मीही हसले, इतकी की डोळ्यांत पाणी आलं.

मग काकांनी आणि मी मिळून वाट काढली. लांबहात्याचं चित्र तसंच ठेवायचं. घणाचं चित्र काढतानाच उलटं काढायचं, म्हणजे पाठीमागून तो सुलटा येईल. ज्याची बाजू वर, त्याचा हात बरोबर. दुसऱ्याचा चुकेल, पण तो तर दबलेला, त्याच्याकडे कोण बघतंय? काकांनी कुरकुरत अर्धे पुठ्ठे पुन्हा पाडले. चादर उतरेपर्यंत दोन दिवस नरसम्मांनी मला घरी ठेवून घेतलं आणि शेंगापोळी खायला घातली.

चादर घेऊन मी घरी पोचले तेव्हा मामा बाहेरच्या खोलीत होते. त्यांच्या दिवाणावर लांबहात्याची बाजू वर करून अंथरली. त्यांनी चष्मा लावला. पांढऱ्या मुठीवरून बोट फिरवलं. "डावा पुढे. हनुवटी खाली. वा." शेजारच्या घणाकडे पाहिलंही नाही. मग चादरीची घडी घालत म्हणाले, "छान झाली. बेळगावला थंडी फार असते."

माझं तर अवसानच गेलं. एवढा खटाटोप करून मी ट्रंकेत घालायला आणखी एक वस्तू आणली होती. तरी त्यांच्या हातातून चादर काढून घेतली आणि अप्पांकडे नेली. घणाची बाजू वर करून पसरली. अप्पांनी घणाकडे पाहून मान डोलावली. मग त्यांची नजर बाजूच्या दबलेल्या लांबहात्यावर गेली आणि तिथंच थांबली. ते वाकले, जवळून पाहिलं.

"याचा उजवा पुढे कुणी काढला?"

मी पाठ, पोट, आरसा, पुठ्ठे असं काहीतरी सांगू लागले. ते ऐकतच नव्हते. त्यांनी चादर खाटेवरून ओढली आणि ती जमिनीवरून फरफटत नेत बाहेरच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले.

"दादा," अप्पा म्हणाले. इतक्या दिवसांतला पहिला शब्द. "हे बघा काय केलंय तुमच्या माणसाचं. उजवा पुढे. असा तो जन्मात कधी उभा राहिला होता का?"

मामांनी पाहिलं. चादर हातात घेतली, उलटली, पुन्हा उलटली. "आणि इकडं घणाचा बघा, पाव्हणं. डावखुरा करून ठेवलाय बिचाऱ्याला."

"घणाचा?"

"हे काय."

मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. पुढचा अर्धा तास मी जी बोलणी खाल्ली, तशी शाळेतल्या साहेबांकडूनही कधी खाल्ली नाहीत. एवढी वर्षं या घरात राहून मुलीला हाताची अक्कल नाही, यावर त्यांचं संपूर्ण एकमत होतं. बोलता बोलता अप्पा मामांच्या दिवाणावर टेकले. मी खाली मान घालून उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता, की वर बघायची भीती वाटत होती.

"तसा उजवा पुढे असता," शेवटी मामा म्हणाले, "तरी तुमच्या घणाला पुरला असता."

"पुरला असता म्हणे," अप्पा म्हणाले. "दादा, उशी घ्या आणि आत चला. इथं वारा लागतो."

दस्तगीरभाईला मी फोन करून सांगितलं, की कोण जिंकलं ते अजून ठरायचंय. लांबहात्याला इतकं जवळून ओळखणारा जगात मामांखेरीज एकच माणूस आहे आणि तो घणाच्या बाजूचा आहे, हे मला सोलापूरला जाऊन आल्यावर कळलं. मामांना तो बेळगावात मिळाला नसता.

ट्रंक रिकामी करून माळ्यावर टाकली. चादर आता दोन्ही खाटांवर मिळून अंथरलेली असते. सकाळी जो आधी उठेल त्यानं आपली बाजू वर करायची असा नियम आहे. मामा हल्ली अंधारातच उठतात.