बादशहाच्या तारखेला जन्मलेले आबा

सगळं कोल्हापूर संस्थान आमच्या आबांचा वाढदिवस साजरा करी. शाळा बंद, कचेऱ्या बंद, देवळात आणि मशिदीत प्रार्थना, शाळेतल्या मुलांना पेढे. हे सगळं विलायतेतल्या बादशहासाठी असे, ही गोष्ट वेगळी. आबा तेवढी मनावर घेत नसत.

आबा म्हणजे माझे वडील. नेसरीच्या शेतकरी घरातले. घरात लेखणी धरणारे ते पहिलेच. महाराजांनी आमच्यासारख्यांना कचेरीची दारं उघडून दिली, तेव्हा सुरुवातीलाच आत शिरलेल्यांत आबा होते. नवा बादशहा गादीवर आला त्या सुमाराला त्यांच्या कचेरीत नोकरांच्या नोंदी नव्यानं लिहायला काढल्या. हेडकारकुनानं आबांना विचारलं, "जन्मतारीख?"

आबा म्हणाले, "आई म्हणायची, लई गडबडीच्या दिवशी झालास."

"गडबड ही तारीख होत नाही."

हेडकारकुनानं भिंतीवरच्या कॅलेंडराकडं पाहिलं. नऊ नोव्हेंबरवर तांबड्या शाईचा गोल होता, बादशहाच्या वाढदिवसाच्या सुट्टीचा. तो म्हणाला, "घ्या, हीच लिहितो. विसरायची भीती नाही."

आबा त्या दिवशी घरी आले ते वेगळेच. तोवर आमच्या घरात वाढदिवस असा कुणाचा नव्हताच. जन्माची खूण दुष्काळावरनं नाहीतर कुणाच्या लग्नावरनं सांगायची, एवढंच. आता आबांना तारीख मिळाली होती आणि तीही सुट्टीची. दर वर्षी त्या दिवशी ते पहाटे आंघोळ करून काळा कोट चढवायचे, अंबाबाईला जाऊन यायचे आणि दारात खुर्ची टाकून बसायचे. बंद कचेरीकडं जाणारा मोकळा रस्ता बघत.

शेजारी एक म्हातारे मुसलमान दफ्तरी राहत. कचेरीच्या वह्या बांधायचं काम त्यांच्याकडं होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. एका वर्षी ते आबांना म्हणाले, "आमची ईद चांद बघून येते. तुमची दिवाळी पंचांग बघून येते. भिंतीवरचा कागद बघून येणारा सण तुमचा एकट्याचाच बघा."

"एकट्याचा कसा? बादशहाचाबी हाय की," आबा म्हणाले.

"व्हय व्हय. तो राहिलाच."

मी बारा वर्षांची झाले आणि माझं लग्न ठरलं. सासर गारगोटीचं. वैशाखातला मुहूर्त निघाला. मांडव पडला, वाजंत्री ठरले, आणि लग्नाला थोडे दिवस असताना बातमी आली की विलायतेत बादशहा वारला. मागोमाग हुकूम आला. बादशहाच्या दफनाच्या दिवशी दुखवटा पाळायचा. दुकानं बंद, वाद्यं बंद, मिरवणुका बंद. तो दिवस आणि माझ्या लग्नाचा दिवस एकच निघाला.

त्या हुकमाच्या नकला आबांनीच आपल्या वळणदार अक्षरात लिहिल्या होत्या. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मुहूर्त पुढं ढकला."

"पुढचा मुहूर्त लई लांब हाय. आणि पावण्यांस्नी काय सांगायचं?"

"सांगा की तुमचा जोडीदार गेला म्हणून."

मुहूर्त ढकलला नाही. लग्न त्याच दिवशी लागलं, पण आवाजाशिवाय. वाजंत्री ठरल्याप्रमाणे आले. सनया फडक्यात गुंडाळून मांडवाच्या कोपऱ्यात बसले. आई त्यांना म्हणाली, "वाजवायचं न्हाई तर निदान पोटभर जेवा तरी." ते जेवले. मंगलाष्टकं हे वाद्य धरायचं की नाही, यावर आबांनी सकाळभर विचार केला आणि शेवटी भटजींना सांगितलं, "म्हणा, पण हळू."

भटजी पुटपुटू लागले. मागच्या रांगेतल्या लोकांना ऐकू येईना, त्यामुळं अक्षता कधी टाकायच्या ते कळेना. कुणी आधीच टाकल्या, कुणी लग्न लागून गेल्यावर टाकल्या. मी अंतरपाटामागं मान खाली घालून उभी होते. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय, म्हणून सगळे दबक्या आवाजात बोलताहेत.

माझे सासरे आडदांड शेतकरी. त्यांना हा सगळा प्रकार मानवेना. ते भर मांडवात आबांना म्हणाले, "पावणं, पोरीचं लग्न हाय का मयत?"

"दरबारचा हुकूम हाय," आबा म्हणाले.

"मग त्यो शिपाई काय करतोय तिथं?"

कचेरीचा शिपाई आमच्याच पंगतीत बसून जिलेबी खात होता. हुकूम पाळला जातोय की नाही ते बघायची जबाबदारी त्याच्याकडंच होती. तो तोंड पुसत म्हणाला, "वाजवा की थोडं. मी कुठं ऐकतोय?"

आबांनी वाजवू दिलं नाही. साऱ्या गल्लीत तो दुखवटा आबांनी एकट्यानंच मनापासून पाळला. पंगती उठल्यावर मी त्यांना मांडवाच्या मागं उभं असलेलं पाहिलं. डोळे पुसत होते. लेक परक्याची झाली म्हणून की बादशहासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही. विचारायचा धीर पुढंही झाला नाही.

लहान मुलींना तेव्हा लगेच नांदायला पाठवत नसत, म्हणून त्या नोव्हेंबरात मी माहेरीच होते. सुट्ट्यांची नवी यादी आली होती. नवा बादशहा जूनमध्ये जन्मलेला, तेव्हा सुट्टी जूनला गेली. नऊ नोव्हेंबर हा कामाचा दिवस झाला.

आबांनी रजेचा अर्ज केला. कारण लिहिलं, 'जन्मदिवस.' साहेबांनी त्यांना समोर बोलावलं.

"कुणाचा जन्मदिवस?"

"माझा, साहेब."

"मागच्या वर्षापर्यंत त्या दिवशी सुट्टी कुणाच्या जन्मदिवसाची होती?"

"दोघांच्या," आबा म्हणाले.

साहेब हसले नाहीत. 'कारण सबळ नाही' असा शेरा मारून त्यांनी अर्ज परत केला. नऊ तारखेला आबा काळा कोट घालून कचेरीत गेले आणि दिवसभर नकला लिहून संध्याकाळी घरी आले. पायरीवर बसले. आतही येईनात.

माझी आत्ती, आबांची थोरली बहीण, भाऊबीजेला नेसरीहून आली होती ती अजून राहिली होती. नेसरीकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ह्येला काय झालंय?"

आईनं सगळं सांगितलं. आत्तीनं पिठाचे हात झटकले आणि बाहेर आली.

"कसली नववी तारीख रं? तू बेंदराच्या दिवशी झालायस."

आबांनी वर पाहिलं. "बेंदराच्या?"

"व्हय. ज्येष्ठातला बेंदूर. बैलं धुऊन आणलेली, आई शिंगांस्नी तांबडा हिंगूळ लावत हुती आणि तिथंच तिला कळा आल्या. मी सात वर्साची हुते. सुईणीला मीच बोलवाय गेलते. आईची गडबड गडबड म्हणत्यात ती हीच."

"मग इतकी वर्सं बोलली न्हाईस ती?"

"कुणी इचारलं?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. बायकांना तारखा विचारायच्या असतात हे आमच्या घरात कुणाला सुचलंच नव्हतं. आबा एवढंच म्हणाले, "म्हंजे बैलांच्या दिवशी." चाचा आपल्या दारातून ऐकत होते. ते म्हणाले, "हा सण तर मोठा की. ह्यात बादशहाची वाट बघायला नको."

पुढच्या ज्येष्ठात आबांनी पुन्हा रजा मागितली. या वेळी कारण लिहिलं, 'गावी बैलांचे काम.' साहेबांनी न वाचताच सही केली.

आम्ही सगळे नेसरीला गेलो. बैल रंगवून दारात उभे केले होते, गळ्यात घुंगुरमाळा, शिंगांना बेगड. आत्तीनं ताट आणलं आणि बैलांना ओवाळलं. मग तेच ताट घेऊन ती आबांपुढं आली.

"अक्का, माझा नंबर दुसरा व्हय?"

"बैलं वरीसभर राबत्यात. तू रजा काढून आलायस."

आबा हसले. मांडवातल्या त्या दिवसापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान वाकवली, आत्तीनं कुंकू लावलं. बाहेर हलग्या कडाडत होत्या, लोक बैल घेऊन गावातून फिरत होते. आबांनी आपल्या बैलाचा कासरा धरला आणि काळ्या कोटातच मिरवणुकीत शिरले. बैलानं मान हलवली, तसा शिंगाचा ओला हिंगूळ त्यांच्या बाहीला लागला. आईनं तो कोट तीनदा धुतला. डाग फिका झाला, पण गेला नाही. आबा तोच कोट घालून कचेरीत जात राहिले.